निवेदन बाकी

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, एका ट्रकच्या क्लेमचे कागद शोधता शोधता, त्याला विभागाच्या सामाइक फोल्डरमध्ये एक बिननंबरची फाइल दिसली. विमा कंपनीच्या अपघात विभागात बिननंबरची फाइल म्हणजे शवागारात अंगठ्याला चिठ्ठी न बांधलेलं प्रेत. कुणाचं, कुठून आलं, कुणी आणून टाकलं, काही कळायला मार्ग नाही. तो या विभागाचा अकरा वर्षं प्रमुख होता आणि असला गबाळेपणा त्याने कधी खपवून घेतला नव्हता. कोण हा महाभाग, त्याची चांगली खरडपट्टी काढायची, असं ठरवत त्याने फाइल उघडली. आत बारा फोटो होते. नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे मजकुराकडे न बघता त्याने पहिला फोटो मोठा केला. फोटोत तो स्वतः होता.

दर मंगळवारी पडद्यावर जी बैठक व्हायची, तिच्यातला त्याचा चौकोन कुणीतरी जसाच्या तसा उचलला होता. तोंड अर्धवट उघडं, डोळे खाली, हनुवटीखाली मांसाची दुसरी हनुवटी. त्याच्या उजव्या खांद्यामागे त्याच्या घरातल्या कामाच्या खोलीचं दार दिसत होतं आणि दारावर लाल रंगाचं एक बारीक वर्तुळ काढलेलं होतं. वर्तुळात वाटीएवढा खळगा. खाली त्याच्याच विभागाच्या नमुन्यात नोंद होती. उंची: चार फूट सात इंच. दिशा: समोरून, किंचित वरून खाली. वस्तू: बंद मूठ, उजवी. बळ: पूर्ण. उंची कशावरून काढली असेल हे त्याला क्षणात कळलं, कारण ती युक्ती त्यानेच शिकवलेली होती. दाराची मूठ बहुतेक घरांत जमिनीपासून सव्वातीन फुटांवर असते, तिच्यावरून बाकीचं मोजायचं. दुसऱ्या फोटोत खळगे दोन. चौथ्यात फळीला उभी चीर. पाचव्यात चिरेवर दिनदर्शिका टांगलेली, आणि खाली एवढंच: झाकण्याचा प्रयत्न. सातव्यात दिनदर्शिकेलाच भोक. नववा, दहावा आणि अकरावा फोटो एकाच बैठकीतले होते, दोन दोन सेकंदांच्या अंतराने घेतलेले. नवव्यात त्याची खुर्ची रिकामी आणि तो पाठमोरा. दहाव्यात त्याचा खांदा दारावर. अकराव्यात दार बंद होत आलेलं, आणि दार आणि चौकट यांच्या फटीत, लाल वर्तुळात, चार फिक्या रेघा. बाराव्या फोटोत तो परत खुर्चीत होता, पुढच्या मंगळवारी, आणि टेबलाच्या कडेला चहाचा कप ठेवणारा एक बायकी हात चौकटीत आला होता. दोन बोटांना पट्टी. सांगितलेलं कारण: वाऱ्याने दार आपटलं. निरीक्षण: फोटो क्रमांक नऊ ते अकरा, डावीकडे खिडकी बंद, पडदा स्थिर. शेवटी दोन ओळी. निष्कर्ष, आणि त्याच्यापुढे कोरी जागा. निवेदन, आणि त्याच्यापुढे एकच शब्द: बाकी.

आधी फोटो, मग निवेदन. हे वाक्य या विभागात नवीन येणाऱ्या प्रत्येकाच्या कानीकपाळी पहिल्या दिवसापासून ओरडलं जायचं, आणि ओरडणारा तोच असायचा. माणूस काय सांगतो ते आधी वाचलं की डोळा बाटतो. मग चाकाखाली चेचलेला पाय बघतानाही आपण त्याचं रडगाणं बघत राहतो. म्हणून आधी मांस बघायचं, काच बघायची, पत्रा कुठून आत गेला आणि हाड कुठून बाहेर आलं ते बघायचं, आणि मनाशी ठरवून टाकायचं की मार कुठल्या बाजूने आला. मग म्हणावं, आता बोल बाबा. पण निवेदन घेतल्याशिवाय निष्कर्ष लिहायचा नाही, हाही त्याचाच नियम. फोटो खोटं बोलत नाही, पण फोटोला तोंडही नसतं, असं तो म्हणायचा आणि पोरं वहीत लिहून घ्यायची. बावीस वर्षांत त्याने इतकी फुटलेली डोकी बघितली होती की जेवताना शेजारी फाइल उघडी ठेवायला त्याला काही वाटायचं नाही. बायकोला वाटायचं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जायची. पुढे जाईनाशी झाली. पुढे पुढे तर वाढता वाढता वाकून बघायची आणि म्हणायची, हा मागून लागलाय ना हो? आणि ते बरोबर असायचं. त्याला त्याचं कौतुक वाटायचं. साहेबाची बायको अर्धी साहेब, असं तो ऑफिसात सांगायचा.

फाइल त्याने खोडून टाकली. बुधवारी सकाळी ती पुन्हा जागेवर होती. पुन्हा खोडली, दुपारी पुन्हा होती, आणि आता नावापुढे कंसात 'प्रत दुसरी' असं होतं. फोल्डर सगळ्यांचं, पासवर्ड एकच, तोही त्यानेच ठरवलेला. कोण ठेवतंय ते कळायची सोय नाही. त्याच्या उजव्या हाताची बोटं आपोआप मिटली आणि त्याने टेबलावर अशी काही थाप मारली की पेनाचा डबा लवंडून पेनं घरभर झाली. बाहेरच्या खोलीत मुलीचं काहीतरी वाचणं चालू होतं, ते थांबलं. तो आवाज थांबण्याचा आवाज त्याच्या ओळखीचा होता. बारावीतली मुलगी, हल्ली त्याने पाण्याच्या तांब्याकडे हात नेला तरी तिचे खांदे कानांपर्यंत यायचे आणि मग, काही झालं नाही हे कळल्यावर, हळूच खाली उतरायचे. तो ते बघायचा. त्याला त्याचा राग यायचा. मी तुला एवढीशी होतीस तेव्हापासून बोट लावलंय का, असं त्याने एकदा तिला विचारलं होतं, आणि ते खरंच होतं. ती म्हणाली होती, नाही बाबा. तेही खरंच होतं.

थाप मारायला तो शिकला ऑफिसात. तिथे त्याचा पहिला साहेब होता, ज्याला सगळे पाठीमागे वाघ म्हणायचे आणि समोर काहीच म्हणायचे नाहीत. वाघाच्या टेबलावर काचेचे सहा पेपरवेट असायचे आणि कागद मात्र कधी उडायचे नाहीत, कारण पंखा लावायची त्याची परवानगी नव्हती. पेपरवेट फेकायला असायचे. सहसा भिंतीवर. एकदा याच्या डाव्या भुवईवर. तेवीस वर्षांचं वय, हातात चुकीच्या रकान्यात भरलेली फाइल, आणि एकदम डोळ्यात कोमट काहीतरी. रक्त खाली फाइलवर पडलं, तर वाघ म्हणाला, कागद पुसून घे. त्याने पुसून घेतला. भुवईतली ती पांढरी रेघ अजून होती, आणि इतक्या वर्षांत ती कुठून आली असं कुणी विचारलं तर तो सांगायचा, खेळताना. पण त्या दिवशी त्याला आणखी एक गोष्ट दिसली होती, जी तो कुणाला सांगत नसे. पेपरवेट सुटला तेव्हा दालनातली तीस माणसं एकदम, एका दोरीने ओढल्यासारखी, खाली वाकली. तीस मानांमागची तीस हाडं. त्याच्या कपाळातून रक्त गळत होतं, आणि तो त्या मानांकडे बघत होता, आणि त्याच्या पोटात भीतीच्या खालीच कुठेतरी भूक लागल्यासारखं झालं. पुढे वाघ गेला, टेबल याच्याकडे आलं. पेपरवेट त्याने पहिल्याच दिवशी काढून टाकले, आपण सुधारलेले आहोत म्हणून. फक्त तळहात ठेवला. दिवसातून एक थाप, फार तर दोन. माना वाकायच्या. तो शांत व्हायचा. संध्याकाळी घरी जाताना मुलीसाठी काहीतरी घेऊन जायचा, आणि घरात कधी आवाज चढायचा नाही. वर्षानुवर्षं चढला नाही. शेजारीपाजारी त्याच्या शांतपणाचे दाखले द्यायचे.

मग ऑफिस घरी आलं. साथ आली, साथ सरली, पण माणसं घरीच राहिली, कारण काम होत होतं, किंबहुना बरं होत होतं. पहिल्या काही महिन्यांतल्या एका मंगळवारी कुणीतरी हाडाचा फोटो उलटा लावला म्हणून त्याने टेबलावर थाप मारली. पडद्यावर चाळीस काळे चौकोन होते. एकही हलला नाही. कुणीतरी म्हणालं, सर, तुमचा आवाज तुटतोय. पुन्हा थाप मारली, तर तळहाताला झिणझिण्या आल्या आणि तोच आवाज, सर, नेटवर्क बघता का जरा. ती बैठक संपली तेव्हा अंगात काहीतरी उरलेलं होतं. उकळतं भांडं कुणाच्या तरी अंगावर ओतायचं राहून गेल्यासारखं ते हातात घेऊन तो खोलीत उभा राहिला. चटके बसत होते. समोर दार होतं. पहिला ठोसा मारला तेव्हा त्याला इतकं बरं वाटलं की त्याने स्वतःशीच हसून बोटांची सालं चोखली. दार म्हणजे दार. दाराला काय कळतं. माणसावर हात उचलायचा नाही हे त्याचं तत्त्व होतं आणि ते त्याने पाळलं होतं. त्या रात्री बायकोने न विचारता हळद आणून त्याच्या बोटांवर दाबली आणि दाराकडे एकदा बघितलं. वरून खाली बघितलं, मग बाजूने वाकून बघितलं. फाइल बघायची तशी.

गुरुवारी प्रमुखांची बैठक होती. विषय एकच, लोकांना परत बोलवायचं की नाही. पाच प्रमुख आणि मोठे साहेब, लांबलचक टेबलाला टोकाटोकाला बसलेले, आणि बाकी आठ मजल्यांवर चिटपाखरू नाही. बोलणं सुरू झालं ते सहकार्य, शिस्त, आपुलकीचं वातावरण अशा वळणाने. एकत्र बसलं की कल्पना सुचतात, असं विक्रीप्रमुख म्हणाले, ज्यांना बावीस वर्षांत एक कल्पना सुचली होती आणि तीही दुसऱ्याची. मग चहा आला आणि खरं बाहेर पडायला लागलं. इमारतवाल्याशी केलेल्या कराराची अजून सात वर्षं शिल्लक आहेत आणि रिकामी खुर्ची दिसली की मला माझं टक्कल आठवतं, असं हिशेबवाले म्हणाले. विक्रीप्रमुखांच्या घरी सासूबाई होत्या, त्या मध्येच डोकावून म्हणायच्या, जरा हळू बोला, मला ऐकू येतं सगळं. तिसरे, तंत्रज्ञानाचे, म्हणाले, घरी माझ्यासाठी कुणी उठून उभं राहत नाही. सगळे हसले. मोठे साहेब हसले नाहीत. ते परवा एकटेच चौथ्या मजल्यावर फिरायला गेले होते. तिथले दिवे माणूस आला की लागतात आणि गेला की विझतात. "पुढचा लागायचा, मागचा विझायचा," ते म्हणाले. "चालत राहिलो तर मी आहे, थांबलो तर नाही. असं चाळीस मिनिटं चाललो मी." कुणालाही लोकांच्या कामाबद्दल तक्रार नव्हती. ज्याला त्याला आपण आहोत याची साक्ष काढायला माणसं हवी होती.

सगळ्यात जोरात तो बोलला. त्याचं म्हणणं पडलं की आठवड्याचे तीन दिवस वगैरे भानगड नको, पाचच्या पाच दिवस, आणि जो येणार नाही त्याने घरीच राहावं, कायमचं. लोक घरून काम करतात तेव्हा कोण काय बघतं आणि कुणाला दाखवतं याचा पत्ता राहत नाही, असं तो म्हणाला, आणि आपला आवाज चढलेला ऐकून थांबला. मोठे साहेब म्हणाले, गुप्ततेचा मुद्दा चांगला आहे, तो घ्या टिपणात. टिपण लिहायचं काम त्याच्याकडेच आलं. दोन पानं त्याने एका बैठकीत लिहिली, आणि लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे चाळीस चेहरे होते. खऱ्या उजेडात, सहा फुटांवर. चेहरा म्हणजे काय, त्यालाही मारच बसलेला असतो. कुठून बसला ते त्याला वाचता येत होतं. ज्याने वर्तुळं काढली त्याची नजर एकदा तरी चुकेल. मग त्याला दालनात बोलवायचं, दार लावायचं. पुढे काय करायचं ते त्याने पूर्ण ठरवलं नव्हतं, पण हात ठरवत होता. टंकताना अंगठा तर्जनीवर घट्ट बसत होता. त्याला गळा दिसत होता, नुसता गळा, वरचा चेहरा बदलत होता.

बायकोला त्याने त्याच संध्याकाळी सांगितलं की येत्या सोमवारपासून ऑफिस सुरू, पाचही दिवस. त्याला वाटलं होतं तिला हायसं वाटेल. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, डाव्या हाताने, उजवा मांडीवर तसाच ठेवून. हातातला सदरा तिने पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी घालायला घेतला.

"मंगळवारच्या बैठकासुद्धा तिकडेच?" तिने विचारलं.

"सगळंच तिकडे."

"म्हणजे आता इथलं काही दिसणार नाही."

कुणाला, असं तो विचारणार होता, पण तेवढ्यात फोन वाजला आणि ते राहून गेलं. दुसऱ्या दिवशी आदेश निघाला. विभागातून उत्तरं आली, सगळी एकाच ठशाची, कळलं सर, होय सर, हजर राहू. एक तेवढं वेगळं होतं. निवेदनं घेणाऱ्या ताईंनी लिहिलं होतं, सोमवारी माझं बाहेरचं काम लागण्याची शक्यता आहे, निघण्यापूर्वी कळवीन. ताई त्याच्याहून चार वर्षांनी मोठ्या आणि सगळ्या ऑफिसच्या ताई. जखमी माणसाच्या घरी जायच्या, समोर बसायच्या, पाणी मागायच्या, आणि गप्प राहायच्या. कधी कधी तासभर. नवीन पोरांनी विचारलं की प्रश्न कधी विचारायचे, तर म्हणायच्या, विचारलं की माणूस उत्तर देतो, नाही विचारलं की खरं बोलतो. त्याने त्यांच्या उत्तरावर 'ठीक' असं लिहिलं आणि पुढे गेला. ताई अशी वर्तुळं काढणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांना फोटोंचं फारसं कळत नसे. फोटो आधी बघितलेच पाहिजेत म्हणून त्या बघायच्या, एवढंच.

रविवारी दुपारी तो खोली आवरायला बसला. तारा गुंडाळल्या, फायली पिशवीत भरल्या. कॅमेऱ्याची तार काढण्याआधी, का कोण जाणे, त्याने तो चालू केला. बैठकीत आपला चौकोन तो स्वतःच्या पडद्यावर नेहमी झाकून ठेवायचा. मांसल हनुवटी बघत कोण बोलणार. आज त्याने स्वतःला पूर्ण पडद्यावर घेतलं. मागे दार होतं. नुसतं दिसत नव्हतं, बरोबर मध्ये बसवल्यासारखं होतं, वरची चौकट, खालचा उंबरा, मूठ, एक इंच इकडे नाही की तिकडे नाही. डावीकडे खिडकीची कड, पडद्यासकट. विभागातल्या कुणालाही याहून चांगला फोटो काढता आला नसता. त्याला आठवलं की सुरुवातीला टेबल असं नव्हतं. सुरुवातीला त्याच्या मागे भिंत होती, कोरी. टेबल फिरवलं ते पहिल्या ठोशानंतरच्या आठवड्यात. तो आंघोळीला गेला होता, परत आला तर टेबल आडवं, कॅमेरा तिसऱ्या फळीवर, पुस्तकांच्या चवडीवर. तोंडावर उजेड नीट पडतो हो असा, बायको म्हणाली होती, मघाशी लोकांना तुम्ही काळे दिसत होता. दर सोमवारी ती धूळ पुसायच्या निमित्ताने कॅमेरा पुसायची. चहा आणायची तो उजव्या बाजूने, जिथून हात चौकटीत येतो. बावीस वर्षं ताटाशेजारी बसून ती एवढंच शिकली होती, की आधी फोटो.

त्याला स्वतःचं ओरडणं ऐकू आलं नाही. हातोडा खिडकीखालच्या पेटीत होता. पहिला घाव फळीत गेला आणि अडकला, उपसताना खांद्यातून कळ गेली, आणि मग त्याने मोजणं सोडलं. फळी फुटली, मधला पत्र्यासारखा पातळ भाग चिरफाळला, मूठ तुटून भिंतीवर आदळली. बिजागरीपाशी लाकूड घट्ट होतं, तिथे त्याने लाथा घातल्या. चटणी झाली तरी तो मारत होता. नवव्या फोटोतला तो मंगळवार त्याच्या हातोड्याखाली येत होता आणि फुटत नव्हता. बैठक चालू होती. बायको दारात आली, काहीतरी विचारायला, गॅसचं की कशाचं. त्याने माइक बंद केला. त्याला वाटलं तेवढं पुरे. उठला. ती एक पाऊल मागे सरली, हात चौकटीवर राहिला. आणि बोटं दिसली होती. हे तो आजवर स्वतःलाही म्हणाला नव्हता. चार बोटं, एकात अंगठी, नखांना कणीक. ती दिसली, आणि मग त्याने खांदा लावला. मध्ये अर्धा सेकंद होता. ट्रकवाल्यांना, कारखानदारांना, दारुड्या चालकांना त्याने त्या अर्ध्या सेकंदात पकडलं होतं, तिथेच तर सगळं असतं, अपघात की कृती. ती ओरडली नव्हती. बोटं ओढून घेतली, दार बंद झालं, तो खुर्चीत येऊन बसला आणि माइक चालू करून म्हणाला, हं, कुठे होतो आपण? चाळीस काळ्या चौकोनांतून एक आवाज म्हणाला, सतरा नंबरवर, सर.

हातोडा खाली पडला तेव्हा दाराच्या जागी एक आयताकृती भोक होतं आणि पलीकडे बायको आणि मुलगी उभ्या होत्या. मुलीचे खांदे कानांशी नव्हते. ती सरळ उभी होती, आईच्या अर्धं पाऊल पुढे. त्याच्या हनुवटीवरून घाम टपटपत होता. कपाळात ढलपी घुसून भुवईतली जुनी रेघ पुन्हा लाल झाली होती. त्याच्या डोक्यात, सगळ्या धगीखाली, एक थंड आवाज नवीन पोरांना सांगत होता की नष्ट केलेला पुरावा हाही पुरावाच असतो, फक्त मोठ्या अक्षरात. तो म्हणाला, झाडू आण. मुलगी हलली नाही. "राहू दे," बायको म्हणाली, त्याला नाही, मुलीला. "काही हलवायचं नाही. आहे तसं राहू दे."

तो पुढे झाला. एक पाऊल. त्याचा हात वर गेला होता, हे त्याला मुलीच्या डोळ्यांत दिसलं. तिचे डोळे त्याच्या चेहऱ्यावर नव्हते. हातावर होते. किती उंच, कुठल्या बाजूने. मग तो हात त्याने स्वतःच्या तोंडावरून फिरवला, जणू घाम पुसायलाच उचलला होता, आणि मोरीत जाऊन नळ सोडून बसला.

सोमवारी नऊला दहा कमी असताना तो चौथ्या मजल्यावर पोचला. पुढचा दिवा लागला. साडेनऊपर्यंत सगळे दिवे लागले होते, खुर्च्या सरकत होत्या, कुणाचा डबा गळला होता, कुणी म्हणत होतं, अरे तू एवढा उंच आहेस होय. एचआरची मुलगी दारात हजेरी टिपत उभी होती. त्याला वाटलं होतं ही माणसं बघून पोटातली ती जुनी भूक जागी होईल, जागी झालीही. सगळ्यांना त्याने मोठ्या टेबलाभोवती बसवलं. चाळीस चेहरे, खऱ्या उजेडात. एकेकावरून तो सावकाश फिरला, आणि कुणाचीही नजर चुकली नाही. कुणाचीही नजर त्याच्या चेहऱ्यावर नव्हतीच. त्याने एका फाइलचं नाव घेतलं, उगाचच, आणि ती कुणी भरली म्हणून तळहात टेबलावर आपटला. पूर्ण बळाने. पाण्याचे पेले खणखणले. एकही मान वाकली नाही. चाळीसही जण त्याच्या हाताकडे बघत होते, पुढे झुकून, शांतपणे, बोटांच्या सांध्यांवरच्या ताज्या सालांकडे, मनगटातल्या लाकडाच्या काळ्या कुसळांकडे, मग भुवईकडे, आणि परत हाताकडे. ती त्यानेच घडवलेली माणसं होती. आधी फोटो बघत होती.

त्याने हात टेबलाखाली घेतला. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्याने खुर्च्या मोजल्या. एकेचाळीस. एक रिकामी होती, खिडकीजवळची.

"ताई आल्या नाहीत?" त्याने विचारलं.

एचआरच्या मुलीने वहीत बघितलं. ती नवीन होती, तिला कशाची कल्पना नव्हती. "बाहेर गेल्यात, सर. सकाळी आठलाच फोन केला होता त्यांनी. निवेदन घ्यायला जातेय म्हणाल्या."

"कुठल्या क्लेमचं?"

"विचारलं मी, सर," ती म्हणाली. "नंबर नाही म्हणाल्या."